गेमिंग लॅपटॉप घेताय? मॉडेल नंतर, आधी वॉट विचारा

दुकानात "गेमिंग लॅपटॉप दाखवा" म्हटलं की विक्रेता तीन गोष्टी सांगतो: ग्राफिक्स कार्डाचं नाव, रॅम आणि ऑफरमधली किंमत. तिन्ही खऱ्याच असतात. पण हा लॅपटॉप रोज उचलून न्यायला परवडेल का, आणि अर्ध्या तासाने गेम अडखळायला लागेल का, हे त्यांतून कळत नाही. ते कळतं वॉटवरून, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला किती वीज मिळते त्या आकड्यावरून.

वॉट वाढले की कार्ड जोरात पळतं. पण तेवढीच उष्णताही तयार होते. ती बाहेर काढायला तांब्याच्या नळ्या आणि मोठे पंखे लागतात, तेवढी वीज पुरवायला जाडजूड अॅडॉप्टर लागतो, आणि या सगळ्याचं वजन शेवटी तुमच्या खांद्यावर येतं. ताकद आणि हलकेपणा दोन्ही हवं असेल तर हा हिशोब आपला आपण मांडावा लागतो. पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्याने तो कसा मांडावा, ते क्रमाने सांगतो.

१. आधी स्वतःचा दिवस कागदावर मांडा

लॅपटॉप आठवड्यातून किती वेळा घराबाहेर जाणार? जिथे जाणार तिथे प्लग मिळतो का? गेम कोणते खेळणार, आणि त्याशिवाय काय काम करणार? या चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढल्याशिवाय एकही वेबसाइट उघडू नका.

पुण्यात हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलाचा लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावरच असतो. लॅबला आठवड्यातून एक-दोनदा जातो, दिवाळीला गावी जातो. त्याला २.३ ते २.५ किलोचा लॅपटॉप चालतो. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलीचं गणित वेगळं आहे. तोच अडीच किलोचा लॅपटॉप, पाऊण किलोचा अॅडॉप्टर, डबा, पाण्याची बाटली आणि वह्या धरल्या की बॅग पाच किलोवर जाते, आणि ती गर्दीत छातीशी धरून उभं राहावं लागतं. तिने दोन किलोच्या आतच बघावं.

पटत नसेल तर घरी एक सोपी चाचणी घ्या. बॅगेत सव्वातीन किलो तांदूळ भरा आणि नेहमीच्या रस्त्याने एकदा जाऊन या. पैसे भरण्याआधी हे कळलेलं बरं.

गेमचंही तसंच. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे स्पर्धात्मक गेम साध्या कार्डावरही छान चालतात. त्यांना प्रोसेसर आणि वेगवान स्क्रीन जास्त उपयोगी पडते. सायबरपंक २०७७ सारखे मोठे कथाप्रधान गेम मात्र कार्डाचा आणि त्याच्या मेमरीचा घाम काढतात. ब्लेंडर किंवा सॉलिडवर्क्स अशा थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम असेल तर तेही यादीत लिहा.

माझं स्पष्ट मत: लॅपटॉप महिन्यातून एखाद-दोनदाच बाहेर पडणार असेल तर हलकेपणासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. आणि तो कधीच बाहेर पडणार नसेल तर त्याच पैशात डेस्कटॉप बांधा, तो जास्त वर्षं साथ देतो.

२. ग्राफिक्स कार्ड: नाव, मेमरी आणि वॉट

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

एनव्हिडिया लॅपटॉपच्या आणि डेस्कटॉपच्या कार्डांना एकच नाव देते, पण कार्ड एकसारखं नसतं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये १२ जीबी मेमरी आणि ५,८८८ कोअर (गणितं करणारे छोटे भाग) आहेत. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये ८ जीबी मेमरी आणि ४,६०८ कोअर. २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेतही हेच: डेस्कटॉपच्या ५०७० ला १२ जीबी, लॅपटॉपच्या ५०७० ला ८ जीबी. त्यामुळे यूट्यूबवर कार्डाची चाचणी बघताना ती लॅपटॉपवरच घेतलेली आहे ना, हे आधी पाहा.

दुसरा मुद्दा वॉटचा. लॅपटॉपची आरटीएक्स ४०५०, ४०६० आणि ४०७० ही तिन्ही कार्डं ३५ ते ११५ वॉट या पट्ट्यात बसवता येतात. किती द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. शिवाय प्रोसेसर मोकळा असेल तेव्हा त्याच्या वाट्याचे काही वॉट कार्डाकडे वळवण्याची सोय असते; त्यामुळे जाहिरातीत १४० वॉट असा आकडा दिसतो, तो बहुधा ११५ अधिक २५ असा असतो. म्हणजे एकाच नावाचे दोन लॅपटॉप घेतले तर एकाला दुसऱ्याच्या जेमतेम निम्मी वीज मिळत असू शकते. पाच एचपीची मोटर बसवायची आणि पाइप अर्ध्या इंचाचा टाकायचा, तसला प्रकार. कमी वॉटवर अडवलेलं मोठं कार्ड अनेकदा पूर्ण वॉट मिळालेल्या लहान कार्डाच्या मागे पडतं, आणि त्यासाठी तुम्ही वीस-तीस हजार जास्त मोजलेले असतात.

पूर्वी कमी वॉटच्या कार्डांच्या नावापुढे 'मॅक्स-क्यू' असं लिहिलेलं असायचं, त्यामुळे निदान ओळख पटायची. २०२१ च्या ३० मालिकेपासून नावातला तो फरक गेला. आता आकडा शोधावा लागतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात 'टीजीपी' किंवा 'मॅक्स ग्राफिक्स पॉवर' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुकानात लॅपटॉप चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, खाली डाव्या कोपऱ्यात 'सिस्टिम इन्फर्मेशन' असतं, त्यावर क्लिक केलं की यादीत 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' आणि त्यापुढे वॉट दिसतात. दहा सेकंदांचं काम आहे. विक्रेत्याला विचारण्यापेक्षा हे बघा.

हलक्या लॅपटॉपमध्ये वॉट कमी असणारच, त्यात लबाडी नाही. दीड किलोच्या मशीनमधून ११५ वॉटची उष्णता शांतपणे बाहेर काढणं अवघड असतं. फक्त आपण कशासाठी पैसे देतोय हे माहीत असावं. पातळ लॅपटॉपमध्ये मी ८०-९० वॉटचं ४०६० किंवा ५०६० घेईन. त्याच पातळ अंगात कोंबलेल्या ५०७० साठी वरचे पैसे देणार नाही. दोघांची मेमरी ८ जीबीच आहे, आणि अलीकडच्या गेममध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांचं बारीक चित्रण) वाढवले की आधी तीच कमी पडते. १२ जीबी हवी असेल तर ५०७० टीआय पासून पुढे बघावं लागतं, आणि तिथे किंमत एकदम उडी मारते. आरटीएक्स ४०५० ची मेमरी ६ जीबी आहे. स्पर्धात्मक गेम आणि कॉलेजच्या कामाला ती पुरते, पण पुढची चार वर्षं मोठे गेम खेळायचे असतील तर आजच ८ जीबीचं कार्ड घ्या. लॅपटॉपचं कार्ड नंतर बदलता येत नाही.

३. प्रोसेसर: आकडे नीट वाचा

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा चिपची खरी पिढी सांगतो. रायझन ७ ७८४०एचएस मधला तिसरा आकडा ४, म्हणजे झेन ४ ही पिढी. रायझन ७ ७७३५एचएस मधला तिसरा आकडा ३, म्हणजे आधीच्या पिढीची चिप नव्या नावाने. ती वाईट नाही, पण नव्याच्या भावात घेऊ नका.

त्याहून महत्त्वाची गोष्ट रायझन ७ ७४३५एचएस ची. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये हा प्रोसेसर बऱ्याचदा दिसतो. यात अंगभूत ग्राफिक्स, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं छोटं ग्राफिक्स, नाही. इतर गेमिंग लॅपटॉपमध्ये लेक्चरच्या नोट्स लिहिताना किंवा व्हिडिओ बघताना अंगभूत ग्राफिक्स काम करतं आणि मोठं कार्ड झोपलेलं असतं. इथे नोट्स लिहितानाही मोठं कार्ड जागंच राहतं आणि बॅटरी भराभर उतरते. टेबलावरच राहणाऱ्या लॅपटॉपसाठी हा सौदा किफायतशीर ठरतो, रोज बाहेर नेणाऱ्याने मात्र टाळावा.

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी एच किंवा एचएक्स असलेले प्रोसेसर गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये येतात. एचएक्स मूळचे डेस्कटॉपच्या धाटणीचे, दमदार पण वीजखाऊ. हलका लॅपटॉप हवा असेल तर एच पुरतो. प्रोसेसरवर यापेक्षा जास्त डोकं खपवू नका. गेममध्ये पैसे कार्डावरच वसूल होतात.

४. वजन, अॅडॉप्टर आणि बॅटरी एकत्र मोजा

जाहिरातीतलं वजन नुसत्या लॅपटॉपचं असतं. २३० वॉटचा अॅडॉप्टर केबलसकट पाऊण किलोच्या आसपास जातो, कधी त्याहून जड. म्हणून दोन्हींची बेरीज करा आणि त्या बेरजेवरच तुलना करा.

बाजारात सरळ दोन गट पडतात. लेनोवो एलओक्यू, एचपी व्हिक्टस, एसर नायट्रो व्ही, आसुस टफ ए१५ हे १५ इंची लॅपटॉप साधारण २.१ ते २.४ किलोचे असतात आणि ४०५०, ५०५० किंवा ४०६० घेऊन लाखाच्या आगेमागे मिळतात. दुसरा गट १४ इंचांचा. आसुसने २०२० मध्ये झेफिरस जी१४ आणला आणि दीड-पावणेदोन किलोतही नेटाने गेम चालवता येतो हे दाखवलं. आज त्याच्या जोडीला आसुस टफ ए१४ आणि एचपी ओमेन ट्रान्सेंड १४ आहेत. सगळे साधारण दीड ते १.६५ किलोच्या दरम्यान. किंमत बहुधा दीड लाखाच्या पुढे. म्हणजे अर्धा-पाऊण किलो वजन कमी करायचे पन्नास हजारांच्या वर पैसे पडतात. रोजचा लोकल किंवा एसटीचा प्रवास असेल तर ते मला योग्य वाटतात, कारण जड लॅपटॉप लोक पहिल्या सत्रानंतर घरीच ठेवायला लागतात.

बॅटरी वॉट-अवरमध्ये मोजतात. हिशोब सोपा आहे: ६० वॉट-अवरची बॅटरी, नोट्स आणि ब्राउझरला १० वॉट लागत असतील तर सहा तास, गेमला ८० वॉट लागले तर पाऊण तास. त्यातही बॅटरीवर असताना लॅपटॉप कार्डाचे वॉट मुद्दाम कमी करतो, कारण बॅटरीतून तेवढी वीज एकदम ओढता येत नाही. म्हणून ट्रेनमध्ये मोठा गेम खेळायचं स्वप्न बघून लॅपटॉप घेऊ नका. बॅटरी बघायची ती लेक्चर आणि ऑफिससाठी: ७० वॉट-अवरच्या वर असेल तर दिवस निघतो. १०० च्या वर सहसा कुठलाच लॅपटॉप दिसत नाही, कारण विमानात १०० वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी न्यायला विमान कंपनीची वेगळी परवानगी लागते.

टाइप-सी पोर्टवरून चार्जिंग होतं का, हे आवर्जून विचारा. होत असेल तर कॉलेजला १०० वॉटचा छोटा चार्जर न्यायचा आणि जड वीट घरीच ठेवायची. पूर्ण ताकदीने गेम चालणार नाही, पण दिवसाचं काम आरामात होतं. रोजच्या वजनात अर्धा किलो तरी कमी होतं, आणि यासाठी वेगळं मॉडेल घ्यावं लागत नाही, फक्त घेण्याआधी विचारावं लागतं.

'मक्स स्विच' हा शब्दही तपशिलात शोधा. तो असला की गेम खेळताना मोठं कार्ड थेट स्क्रीनला जोडता येतं आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात. बाहेर असताना अंगभूत ग्राफिक्सवर येऊन बॅटरी वाचते. रोज फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी ही सोय फार कामाची आहे.

५. स्क्रीन, रॅम, एसएसडी

स्वस्त मॉडेलात १४४ हर्ट्झ असं मोठ्या अक्षरात लिहून '४५ टक्के एनटीएससी' बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. याचा अर्थ रंग फिके. फोटो, व्हिडिओ, डिझाइन यांतलं काही करत असाल तर '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेलीच स्क्रीन घ्या. उजेड २५० निट्स असेल तर खिडकीजवळ बसून नीट दिसत नाही. ३०० किमान, जास्त असेल तर उत्तम. आणि ४०५० सोबत २.५के (जास्त ठिपक्यांची) स्क्रीन असेल तर मोठे गेम कमी रिझोल्यूशनवर खेळावे लागतील हे धरून चाला.

रॅम १६ जीबी, आणि दोन पट्ट्यांत. एकाच पट्टीत असेल तर दुसरी टाकायला जागा आहे का ते बघा, कारण एका पट्टीवर प्रोसेसरची ओढाताण होते. झेफिरस जी१४ आणि ओमेन ट्रान्सेंड १४ सारख्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर झाळलेली असते, नंतर वाढत नाही. तिथे जमत असेल तर ३२ जीबीच घ्या. "आधी ८ जीबी घेऊ, मग वाढवू" हा जुना सल्ला सध्या चालत नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चांगलेच चढले आहेत, त्यामुळे कंपनीकडून बसून आलेली रॅम बहुधा स्वस्त पडते.

एसएसडी, म्हणजे साठवणीची डिस्क, ५१२ जीबीची असेल तर विंडोज आणि तीन-चार मोठे गेम यांत ती भरते. दुसरा एम.२ स्लॉट (आणखी एक एसएसडी बसवायची जागा) मोकळा असेल तर चिंता नाही.

६. आपला उन्हाळा आणि आपला प्लग

परीक्षक बहुतेक चाचण्या एसीच्या खोलीत घेतात. मे महिन्यात नागपूर, अकोला, जळगावकडे खोलीतच चाळीस अंशांच्या आसपास तापमान असलं तर पंख्यांना ओढायला गरम हवाच मिळते. मग प्रोसेसर ९५-१०० अंशांवर जाऊन स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. असल्या ठिकाणी राहत असाल तर सगळ्यात पातळ मॉडेलच्या मागे लागू नका. थोडा जाड, मागून हवा फेकणारा लॅपटॉप घ्या. गादीवर ठेवून खेळू नका, खालची जाळी बंद होते. मागची बाजू दोन बोटं उचलली तरी फरक पडतो. फ्रेम ६० किंवा ९० वर बांधून घेतल्या तर उष्णता आणि पंख्याचा आवाज दोन्ही उतरतात. हे फुकट आहे आणि फार कमी लोक करतात.

धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला चार्जिंग चालू असताना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बहुधा प्लगला अर्थिंग नाही. जुन्या वाड्यात, भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास असतं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांचा करून लावू नका. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा. वीज गेल्यावर परत येताना जो झटका येतो त्याने अॅडॉप्टर जातात.

७. खरेदी: कुठे, केव्हा, कशी

भाव दोन वेळा उतरतात: जून-जुलैत कॉलेज सुरू होताना आणि नवरात्र-दिवाळीच्या सेलमध्ये. दसऱ्याच्या मुहूर्तावर घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि योगायोगाने ऑनलाइन सेलही तेव्हाच असतात, तेव्हा जरूर घ्या. फक्त 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून तुलना करा.

ऑनलाइन भाव बघून मग दुकानात जा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घासाघीस होते, आणि रॅम किंवा एसएसडी तिथल्या तिथे बसवून मिळते. बिल जीएसटीचं पक्कंच घ्या, त्यावर सीरियल नंबर असलाच पाहिजे. वडिलांचा किंवा तुमचा नोंदणीकृत व्यवसाय असेल आणि लॅपटॉप त्या कामासाठी असेल तर जीएसटी क्रमांक टाकून बिल घ्या.

वॉरंटी 'ऑनसाइट' आहे का हे विचारा, आणि तुमच्या पिनकोडवर माणूस घरी येतो का हेही. मुंबई-पुण्यात येतो, तालुक्याच्या गावी कधी कधी जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरला लॅपटॉप न्यावा लागतो. ज्या कंपनीचं सेंटर जवळ आहे तिला मी थोड्या जास्त किमतीतही पसंती देईन. रोज बाहेर नेणार असाल तर अपघाती नुकसानाचं संरक्षण घ्या, कारण पडणं आणि पाणी सांडणं साध्या वॉरंटीत धरत नाहीत.

अमेरिकेतून दादा किंवा मावशी आणणार असतील तर: १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो, अॅडॉप्टर बहुधा आपल्या २३० व्होल्टवर चालतो, पिन मात्र वेगळी असते. त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर तपासूनच हो म्हणा. नाही चालत असेल तर वाचलेले पैसे मदरबोर्डाच्या एका दुरुस्तीत जातात.

८. पहिल्या सात दिवसांत काय तपासायचं

ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉपला बऱ्याच ठिकाणी सातच दिवस मिळतात, तेही पैसे परत नाहीत, फक्त बदली. तेव्हा उशीर करू नका.

खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा; सील, सीरियल नंबर आणि बिल तिन्ही त्यात दिसू द्या. कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून वॉरंटी आजपासून सुरू झालीय की सहा महिन्यांपूर्वी, ते बघा. मागची तारीख असेल तर बिल पाठवून दुरुस्त करून घेता येते. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा, त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता जवळजवळ सारखी असली पाहिजे. बरीच कमी दिसली तर मशीन आधी वापरलेलं असू शकतं. कंट्रोल पॅनेलमधले वॉट तपशिलाशी जुळवून पाहा. पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा पडदा लावून मेलेले ठिपके शोधा, प्रत्येक पोर्टात काहीतरी लावून बघा.

मग तुमचा सगळ्यात जड गेम चाळीस मिनिटं चालवा, आणि सोबत एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वॉट दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवा. पहिल्या पाच मिनिटांच्या फ्रेम आणि शेवटच्या पाच मिनिटांच्या फ्रेम यांत थोडा फरक असतोच. तो एक तृतीयांशाहून जास्त असेल, किंवा कार्डाचे वॉट ठरलेल्या आकड्याच्या खूप खाली घसरत असतील, तर आकड्यांचे स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी बदलीची तक्रार टाका.

सगळं ठीक निघालं तर कंपनीच्या अॅपमध्ये जाऊन चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा, प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी १०० करा. खोका आणि आतलं थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर टाकून ठेवा. सर्व्हिस सेंटरला कुरियरने पाठवायची वेळ आली तर त्याचाच उपयोग होतो.